दोनशे पटींनी लहान ‘विक्रांत’

शालेय विज्ञान प्रदर्शनात एखादी तरी युद्धनौका असतेच. पुठ्ठ्याची किंवा लाकडाची, करड्या रंगाने रंगवलेली, वर तिरंगा आणि डेकवर चार विमाने. लांबून ती छान दिसते. जवळ जाऊन पाहिले, की विमान जहाजाच्या निम्म्या रुंदीचे असते, दारातून शिरायला तीन मीटर उंचीचा माणूस लागेल असे वाटते आणि पाण्यात सोडली तर नौका एका अंगावर कलते. मुलांच्या मेहनतीत काही कमी नसते. कमी असते ती एका आकड्याची. तो आकडा म्हणजे प्रमाण.

प्रमाण ठरवले, की खेळण्यातले जहाज आणि जहाजाची प्रतिकृती यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘१:२००’ एवढे कागदावर लिहिल्याबरोबर दाराची उंची, कठड्याची जाडी, नौकेचे वजन, एवढेच काय पण तिचा पाण्यातला वेगसुद्धा ठरून जातो. मात्र या सगळ्या गोष्टी सारख्याच पटीने लहान होत नाहीत. काही दोनशेपट लहान होतात, काही ऐंशी लाखपट, काही फक्त चौदापट, आणि काही तर मुळीच लहान व्हायला तयार नसतात. प्रतिकृती करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. आठवी ते बारावीच्या विज्ञानातले कितीतरी धडे या एका उद्योगात हाताला लागतात, म्हणून हा लेख.

कोणते जहाज, कोणत्या वर्षीचे?

उदाहरण म्हणून आपण भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ घेऊ. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात ‘हर्क्युलिस’ या नावाने तिची बांधणी सुरू झाली. १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले. पण युद्ध संपल्यामुळे काम अर्धवट राहिले. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत ती पूर्ण झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेल्यामुळे तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरीही बंगालच्या उपसागरातून तिच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव इथल्या लक्ष्यांवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे २००१ पासून काही वर्षे मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती आणि अनेक शाळांच्या सहली ती पाहून आल्या. २०१४ मध्ये मुंबईच्याच दारूखान्यात ती तोडायला सुरुवात झाली. आज हे जहाज अस्तित्वात नाही.

म्हणजे आपण ज्याची प्रतिकृती करणार, ते समोर ठेवून मोजता येणार नाही. आराखडे आणि छायाचित्रे यांवरच भिस्त. इथे पहिला प्रश्न उभा राहतो : कोणत्या वर्षीची ‘विक्रांत’ करायची? १९७१ च्या ‘विक्रांत’चा डेक पुढच्या टोकापर्यंत सपाट होता. त्यावर वाफेवर चालणारी कॅटपल्ट होती आणि ती सी हॉक व अलिझे ही विमाने हवेत फेकत असे. सी हॅरियर विमाने आल्यानंतर, १९८० च्या दशकात, कॅटपल्ट काढली गेली आणि पुढच्या टोकाला पावणेदहा अंशांचा चढ बसवण्यात आला. तेव्हा चढ असलेल्या डेकवर सी हॉक विमाने मांडणे म्हणजे शिवकालाच्या देखाव्यात रेल्वे दाखवण्यासारखे आहे. प्रतिकृती ही नेहमी एखाद्या जहाजाच्या एखाद्या दिवसाची असते. तो दिवस आधी ठरवावा आणि मगच छायाचित्रे गोळा करावीत.

छायाचित्रावरून मापे काढण्याची एक सोय जहाजावरच असते. जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला, पाण्याजवळ, उभ्या ओळीत आकडे रंगवलेले असतात. जहाज पाण्यात किती खोल बसले आहे हे त्यावरून वाचतात. फुटांची मापे वापरणाऱ्या जहाजांवर हा प्रत्येक आकडा बरोबर सहा इंच उंचीचा आणि दोन आकड्यांमध्ये एक फुटाचे अंतर असे लिहिण्याची पद्धत आहे. म्हणजे छायाचित्रातच एक फूटपट्टी रंगवलेली मिळते. तिच्याजवळच्या, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर असलेल्या वस्तूंची मापे समरूप त्रिकोणांच्या साध्या गणिताने काढता येतात. आराखड्याची झेरॉक्स वापरणार असाल तर आधी तिच्यावरची प्रमाणपट्टी मोजून पाहा. लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने कागद सारखाच लहान-मोठा झालेला असेल, असे धरून चालू नका.

तीन पायऱ्यांचे गणित

‘विक्रांत’ची लांबी ७०० फूट, म्हणजे सुमारे २१३ मीटर. जलरेषेपाशी रुंदी ८० फूट, म्हणजे २४.४ मीटर. फ्लाइट डेक त्याहून बराच बाहेर आलेला असल्याने तिथली सर्वांत जास्त रुंदी ३९ मीटर. पूर्ण भार घेतल्यावर तळ पाण्याखाली सुमारे ७.३ मीटर खोल जाई आणि तेव्हा जहाजाचे एकूण वजन सुमारे १९,५०० टन असे.

१:२०० या प्रमाणात लांबी १०७ सेंमी, जलरेषेवरची रुंदी १२.२ सेंमी, डेकची रुंदी १९.५ सेंमी आणि पाण्याखालची खोली ३.६५ सेंमी येते. १७० सेंमी उंचीचा नाविक साडेआठ मिलिमीटरचा होतो. इथवर काम भागाकाराचे आहे.

रंग किती लागेल? रंग पृष्ठभागावर बसतो, म्हणून क्षेत्रफळ २०० × २००, म्हणजे ४०,००० पटींनी कमी होते. वजन? ते घनफळावर अवलंबून, म्हणून २०० × २०० × २००, म्हणजे ८०,००,००० पटींनी कमी. १९,५०० टन म्हणजे १,९५,००,००० किलोग्रॅम. त्याला ऐंशी लाखांनी भागले की उत्तर येते सुमारे २.४ किलोग्रॅम.

हे उत्तर मुलांना काढू द्यावे आणि त्याआधी अंदाज विचारावा. एक मीटरहून लांब युद्धनौका अडीच किलोच्या आत हवी, हे सहसा कोणाच्या अंदाजात बसत नाही. आणि हा आकडा आपल्या आवडीनिवडीचा नाही. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. प्रतिकृती २.४ किलोपेक्षा जड झाली तर जलरेषा पाण्याखाली जाईल, हलकी राहिली तर लाल रंगाचा तळ वर दिसेल. यात आणखी एक बारकावा आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. शाळेच्या टाकीत गोडे पाणी असल्याने आपल्या प्रतिकृतीचे वजन त्याच हिशेबाने साठेक ग्रॅम कमी ठेवावे लागेल.

हाच नियम डेकवरच्या विमानांना लावा. सी हॉक विमान सुमारे १२ मीटर लांब आणि पूर्ण भारासह सात-सव्वासात टनांचे. प्रतिकृतीत ते सहा सेंटिमीटर लांब आणि एक ग्रॅमपेक्षाही हलके व्हायला हवे. लाकडाचे कोरीव विमान दिसायला सुंदर होईल. पण अशी दहा-बारा विमाने डेकवर ठेवली की त्यांचे वजन किती भरते ते काट्यावर पाहावे आणि मग कागदाचे विमान करायचे की लाकडाचे, हे ठरवावे.

टेकडीच्या नकाशासारखे धड

जहाजाचे धड, ज्याला गोदीत ‘हल’ म्हणतात, ते सर्व बाजूंनी वळणदार असते. असा आकार कागदावर उतरवायचा कसा? भूगोलाच्या शिक्षकांना याचे उत्तर माहीत आहे. टेकडीचा उंचसखलपणा आपण समोच्चरेषांनी दाखवतो. जहाज बांधणारेही तेच करतात. धडाला समान अंतरावर आडवे छेद घेतले आहेत अशी कल्पना करून प्रत्येक छेदाची बाह्यरेषा काढतात. फरक इतकाच, की टेकडीचे छेद वर जाताना लहान होतात आणि जहाजाचे खाली जाताना.

प्रतिकृती करण्याची एक जुनी, खात्रीची पद्धत यावरच आधारलेली आहे. ५ मिलिमीटर जाडीच्या मऊ लाकडाच्या पट्ट्या घ्या. प्रमाणानुसार ५ मिलिमीटर म्हणजे जहाजावरचा एक मीटर. प्रत्येक पट्टीवर त्या त्या उंचीचा छेद कार्बन पेपरने उतरवून फ्रेटसॉने कापा. वजन कमी राखण्यासाठी मधला भाग कोरून काढा. कडेला दीड-दोन सेंटिमीटरची भिंत पुरे. मधोमध एक सरळ रेषा प्रत्येक पट्टीवर आखलेली असू द्या, म्हणजे थर एकमेकांवर चिकटवताना सरकणार नाहीत. फेव्हिकॉल लावून, वर वजन ठेवून एक रात्र वाळू द्या. आता धड पायऱ्यापायऱ्यांचे दिसेल. या पायऱ्या पॉलिश पेपरने घासायच्या, पण पायरीचा आतला कोपरा नाहीसा होताच थांबायचे. तो कोपरा हाच खरा आकार आहे; त्यापुढे घासले तर जहाज बारीक होत जाते. घासून झाल्यावर भेगांमध्ये लांबी भरून, आतून-बाहेरून व्हार्निशचा हात द्या, नाही तर पाणी पिऊन लाकूड फुगते.

थर कापण्यापूर्वी एक पडताळा जरूर घ्यावा. आलेख कागदावर प्रत्येक छेद उतरवून चौकोन मोजा, क्षेत्रफळ काढा. पाण्याखाली सुमारे सात थर आहेत. प्रत्येकाचे क्षेत्रफळ गुणिले अर्धा सेंटिमीटर, आणि या सर्वांची बेरीज. उत्तर २,४०० घन सेंटिमीटरच्या आसपास यायला हवे. तीन हजारांवर गेले किंवा दोन हजारांखाली राहिले, तर आराखडा उतरवण्यात कुठेतरी चूक आहे हे लाकडाला हात लावण्यापूर्वीच समजते. आकृतीचे तुकडे करून बेरीज करणे म्हणजे समाकलन, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना इथे प्रत्यक्ष दिसते. चिन्हांची भाषा नंतर आली तरी चालेल.

बारकावे किती पुरेत?

धड झाले की खरा मोह सुरू होतो. उजव्या कडेचा मनोरा, त्यावरची डोलकाठी, रडार, शिड्या, कठडे, तोफा, दोरखंड, दारे, खिडक्या. यातले काय करायचे आणि काय सोडायचे? याचे उत्तर डोळ्यात आहे.

निरोगी माणसाच्या डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायचे तर त्यांच्यात निदान एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो. ३० सेंमी अंतरावरून पाहताना हा कोन सुमारे ०.०९ मिलिमीटरचा होतो. १:२०० च्या प्रतिकृतीत ते जहाजावरचे पावणेदोन सेंटिमीटर. म्हणजे खिळ्यांची डोकी, दारांच्या कड्या, वेल्डिंगच्या रेषा यांच्यासाठी डोळे फोडण्यात अर्थ नाही. जवळून पाहणाऱ्यालाही त्या सुट्या दिसणार नाहीत. मात्र फिक्या पार्श्वभूमीवरचा एकटा काळा दोरा याहून बारीक असला तरी डोळ्याला जाणवतो. म्हणून अँटेनाच्या तारा गाळल्या तर डोलकाठी उघडी वाटते.

आता अडचण अशी, की ६ मिलिमीटर जाडीची तार प्रमाणात ०.०३ मिलिमीटर होते. माणसाचा केससुद्धा याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. विजेच्या वायरमधला तांब्याचा बारीक तंतू ०.२ मिलिमीटर असेल, तर तो जहाजावर ४ सेंटिमीटरचा गज ठरतो. तेव्हा तार काढायची तर ती प्रमाणापेक्षा जाड होणार. प्रमाण पाळायचे तर ती काढताच येणार नाही. मेणबत्तीच्या आचेवर प्लॅस्टिकची काडी मऊ करून ताणली तर केसासारखा धागा निघतो आणि बरेच जण तोच वापरतात. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि खिडकी उघडी ठेवून करावे.

पत्र्यांच्या बाबतीत उलट गंमत आहे. जहाजाच्या वरच्या भागातला पत्रा दोन सेंटिमीटरचा धरला तर प्रतिकृतीत त्याची जाडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या साध्या कागदाएवढी. अर्धा मिलिमीटरचा पुठ्ठा लावला तर तीच भिंत दहा सेंटिमीटर जाडीची झाली! जिथे कडा उघड्या दिसतात, उदाहरणार्थ तोफेची ढाल किंवा मनोऱ्यावरची छोटी भिंत, तिथे व्हार्निश पाजलेला कागदच वापरावा. आडोशाच्या भिंती पुठ्ठ्याच्या असल्या तरी चालतील.

हिशेब रंगालाही लागू पडतो. ब्रशने लावलेल्या रंगाचा वाळलेला एक हात ०.०५ मिलिमीटर जाडीचा धरला तर जहाजावर तो एक सेंटिमीटर झाला. असे चार हात दिले तर सगळे जहाज चार सेंटिमीटरच्या गिलाव्याखाली जाते. काळजीपूर्वक केलेल्या खिडक्या बुजतात, कडा बोथट होतात. म्हणून रंग पातळ करून, दोनच हात द्यावेत. चकाकणारा रंगही टाळावा. खरे जहाज आपण शेकडो मीटरवरून पाहतो. त्याच्या पत्र्यावरचे उंचवटे, मीठ आणि गंज प्रकाश सगळीकडे विखुरतात. प्रतिकृती मीटरभर अंतरावरून पाहणे म्हणजे जहाज दोनशे मीटरवरून पाहणे. तिथून युद्धनौका आरशासारखी चमकत नाही.

तोल

२.४ किलो वजन साधले, तरी काम संपत नाही. ते वजन कुठे आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. मनोरा, डेक आणि विमाने जड झाली, की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि नौका डळमळीत होते. म्हणून वरचे सगळे कागद-पुठ्ठ्याचे आणि उरलेले वजन लोखंडी वॉशरच्या रूपात तळाशी, असा नियम ठेवावा.

याचे गांभीर्य पटवायला ब्रिटिश नौदलाच्या ‘कॅप्टन’ या युद्धनौकेची कहाणी सांगावी. तिच्या रचनेमागे कूपर कोल्स या नौदल अधिकाऱ्याची कल्पना होती. बांधताना तिचे वजन ठरल्यापेक्षा कित्येक शे टनांनी वाढले. तिचा डेक पाण्यापासून आठ फूट उंच राहायचा होता, तो साडेसहा फुटांच्या आसपास राहिला. त्यातच उंच डोलकाठ्या आणि शिडे. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटे स्पेनच्या किनाऱ्याजवळ वादळात ती उलटली. साडेचारशेहून अधिक माणसे बुडाली. स्वतः कोल्स त्यांत होते. वजन कशाकशाने वाढले याचा रोजचा हिशेब ठेवणे ही गोदीतली कारकुनी नसते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

प्रतिकृतीचे स्थैर्य तपासायची रीत खऱ्या जहाजासारखीच आहे. नौका पाण्यावर स्थिर करून डेकच्या मध्यरेषेवर ५० ग्रॅमचे वजन ठेवा आणि ते एका कडेकडे ५ सेंमी सरकवा. नौका किती अंश कलते ते डोलकाठीला टांगलेल्या ओळंब्यावरून मोजा. वजन तळाशी जास्त, तर कलणे कमी. गोदीतले अभियंतेही जहाजावर वजने सरकवून हीच चाचणी घेतात. आपले ५० ग्रॅम म्हणजे खऱ्या ‘विक्रांत’वरचे ४०० टन, हे मुलांना सांगायला विसरू नका.

पाणी लहान होत नाही

आता नौका टाकीत दोरीने ओढा. ती पुढे जाते, लाटा उठतात. पण काहीतरी खटकते. ती फार भरभर डुलते. खरे जहाज एका बाजूला झुकून परत यायला, समजा, १४ सेकंद घेत असेल, तर आपली नौका ते काम एका सेकंदात करते. कारण उघड आहे. डोलण्यामागे गुरुत्वाकर्षण आहे आणि ते काही दोनशेपट लहान झालेले नाही. लंबकाची लांबी चौपट केली की त्याचा आवर्तकाल दुप्पट होतो. तसेच इथे : लांबी दोनशेपट कमी झाली, तर काळ दोनशेच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १४ पटींनी कमी होतो. चित्रपटांत छोट्या जहाजांवर समुद्रातली युद्धे चित्रित करणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक होते. ते कॅमेरा वेगाने फिरवून चित्रण करत आणि पडद्यावर संथ गतीने दाखवत. सोळापट लहान जहाजासाठी हा वेग चौपट ठेवावा लागतो.

वर्गमुळाचा हा नियम जहाजांच्या वेगाला लावून दाखवला तो विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने. त्या काळी लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाला लागणारी शक्ती काढता येते, हे अनेक नामवंत तज्ज्ञांना मान्य नव्हते. फ्रूडने पाण्याचा विरोध दोन भागांत वाटला. एक भाग लाटा उठवण्यात खर्च होतो, दुसरा पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणात. प्रतिकृतीचा वेग जर लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, तर तिच्याभोवती उठणाऱ्या लाटा हुबेहूब मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्या असतात आणि लाटांचा विरोध सरळ घनफळाच्या पटीने वाढवता येतो. घर्षणाला हा नियम लागू नाही, म्हणून ते वेगळे मोजून वेगळे मिळवायचे. १८७१ मध्ये ‘ग्रेहाउंड’ हे खरे जहाज ‘ॲक्टिव्ह’ या दुसऱ्या जहाजाकडून ओढवून त्याने लागणारे बल मोजले. १८७२ मध्ये टॉर्के इथे त्याच्या टाकीत मेणाच्या प्रतिकृती धावू लागल्या. ‘ग्रेहाउंड’च्या प्रतिकृतीवरून काढलेले आणि समुद्रावर मोजलेले आकडे जुळले. तेव्हापासून जहाज बांधण्याआधी त्याची प्रतिकृती टाकीत ओढून पाहणे ही रीतच पडली. विशाखापट्टणमच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत त्यासाठी ५०० मीटर लांबीची टाकी आहे. पुण्याजवळ खडकवासला इथल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृतींमध्ये लाटा उठवतात, त्या हिशेबामागेही फ्रूडचाच नियम असतो.

‘विक्रांत’चा कमाल वेग सुमारे २५ नॉट, म्हणजे सेकंदाला १२.९ मीटर. त्याला १४.१ ने भागा : सेकंदाला ०.९ मीटर. पूर्ण वेगाने धावणारी आपली नौका रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू जायला हवी. मोटर बसवून तिला टाकीभर पळवणारे विद्यार्थी खऱ्या ‘विक्रांत’ला ताशी दीडदोनशे किलोमीटर वेगाने पळवत असतात.

एवढे सगळे जुळवले, तरी एक गोष्ट उरतेच. पाण्याचा पृष्ठतणाव आणि चिकटपणा तेच राहतात. पाण्यावरच्या सुमारे १.७ सेंमीपेक्षा लहान लाटांवर गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठतणावाची सत्ता जास्त चालते. आपल्या प्रमाणात १.७ सेंमी म्हणजे ३.४ मीटर. त्यामुळे खऱ्या समुद्रातल्या छोट्या लाटा, फेस, तुषार यांची प्रतिकृती टाकीत होऊच शकत नाही. नौकेच्या नाकाशी उडालेला ३ मिलिमीटरचा थेंब प्रमाणात ६० सेंटिमीटरचा असतो. छायाचित्रातले जहाज खरे की लहान, हे बऱ्याचदा पाण्याच्या थेंबांवरूनच ओळखता येते.

मजबुतीबद्दल प्रतिकृती गप्प

शेवटचा प्रश्न मजबुतीचा. कागद आणि पुठ्ठ्याची नौका आपले वजन सहज पेलते, मग खऱ्या जहाजाला इतके पोलाद कशाला? वजन लांबीच्या घनाने वाढते. पण ते पेलणाऱ्या भागांचा छेद वर्गानेच वाढतो. म्हणून दोनशेपट मोठ्या जहाजात स्वतःच्या वजनाने येणारा ताण दोनशेपट असतो. पुढचे आणि मागचे टोक दोन लाटांवर आणि पोट अधांतरी, अशा स्थितीत मोठे जहाज वाकते. आपल्या नौकेला त्याची जाणीवही होत नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘दोन नव्या विज्ञानां’वरच्या ग्रंथाची सुरुवात याच विचाराने होते, आणि तीही व्हेनिसच्या गोदीतल्या संवादातून. मोठे जहाज पाण्यात उतरवताना लहान जहाजापेक्षा कितीतरी जास्त आधार का द्यावे लागतात, असा तिथला प्रश्न आहे. प्रतिकृती आकार सांगते, तोल सांगते, लाटांविषयी बरेच काही सांगते. मजबुतीविषयी मात्र तिला साक्षीदार म्हणून बोलावू नये.

वर्गात हा सगळा हिशेब तपासायला एक चांगले उदाहरण हाताशी आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला बांधलेली नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. तिची लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर आणि पूर्ण भारासह वजन सुमारे ४३,००० टन. जुनीच ‘विक्रांत’ सर्व बाजूंनी सारखी मोठी केली असती, तर तिचे वजन किती झाले असते? २६२ भागिले २१३, त्याचा घन, गुणिले १९,५०० : सुमारे ३६,३०० टन. मग उरलेले टन कुठून आले? रुंदीची तुलना करून मुलांना शोधू द्या. नवे जहाज जुन्याची मोठी प्रतिकृती नाही, ते वेगळेच जहाज आहे, हे त्यांचे त्यांनाच सापडेल.

जुन्या ‘विक्रांत’चे पोलाद आता विखुरले आहे. त्यातले काही एका मोटारसायकलीत गेले, काहीचे मुंबईत स्मारक झाले. तिचा आकार मात्र आराखड्यांत आणि छायाचित्रांत शिल्लक आहे, आणि ज्या शाळेत कोणी तो पुन्हा मोजून, कापून, घासून उभा करील तिथे तो सव्वा मीटरच्या टेबलावर मावेल. खाली एक पाटी लावावी. तिच्यावर जहाजाचे नाव, वर्ष आणि प्रमाण, तिन्ही लिहावीत. आणि प्रमाण सोडून केलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ ‘तारा प्रमाणापेक्षा जाड आहेत’, याही लिहाव्यात. पाहणाऱ्याला मग कोणत्या मापावर विश्वास ठेवायचा ते कळेल.